जालांतील बागुलबोवे

इंटरनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत कांहीं भयंकर वावरतें काय, व वावरत असल्यास त्यापासून घरांतील मुलांचें रक्षण कसें करावें, असा प्रश्न आमच्या अनेक वाचकांनीं, विशेषतः वाचक भगिनींनीं, या सदराकडे वारंवार धाडला आहे. ठाण्याच्या एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या जाऊबाई लिहितात कीं, धाकट्या दिरांची आठ वर्षांची मुलगी गेले पंधरा दिवस आंतल्या खोलींत एकटी जावयास तयार नाहीं. रात्रीं मोबाईल उघडा राहिला तर त्यांतून एक बाई डोकावते, असें तिला शाळेंतील मैत्रिणीनें सांगितलें. घरांत यावर तीन उपाय झाले. आजींनीं दृष्ट काढली, थोरल्या काकांनीं मोबाईल कपाटांत कुलूपबंद केला, आणि वडील ही सारी थाप आहे असें म्हणून मुलीवरच रागावले. मुलगी अद्याप आईचा पदर मुठींत धरून झोपते.

जेथें माणसांची वस्ती तेथें भुताची जागा ठरलेली, हा आपला पुरातन अनुभव आहे. वाड्याला विहीर असली कीं विहिरींत कोणीतरी असावयाचें. पिंपळावर मुंज्या, वेशीबाहेर वेताळ, तिठ्यावर उतारा. इंटरनेट हें आतां अर्ध्याहून अधिक मानवजातीचें गांव झालें आहे. त्या गांवाला पिंपळ नसेल असें मानणेंच अयोग्य होईल. प्रश्न एवढाच कीं, कोणत्या पिंपळाखालून जातांना पाय उचलावा आणि कोणत्या पिंपळाखालीं खुशाल पारावर बसावें. हा भेद न केल्यामुळें घरोघर जें भय नको तें बाळगलें जातें, व जेथें बाळगावयास हवें तेथें मंडळी निश्चिंत असतात.

प्रथम निरुपद्रवी गूढांविषयीं. सन २०१३ पासून यूट्यूबवर ‘वेबड्रायव्हर टॉर्सो’ अशा विचित्र नांवाच्या खात्यावर चित्रफिती येऊं लागल्या. प्रत्येक चित्रफीत अकरा सेकंदांची. पांढऱ्या पृष्ठावर एक निळा व एक तांबडा चौकोन. ते क्षणोक्षणीं जागा बदलतात, प्रत्येक बदलास एक कर्कश सूर निघतो, आणि खेळ संपतो. अशा सत्तर हजारांहून अधिक चित्रफिती तेथें साठल्या. बोलणारा कोणी नाहीं, अर्थ सांगणारा कोणी नाहीं, आणि रात्रंदिवस नव्या चित्रफितींची भर चालूच. शीतयुद्धाच्या काळांत रेडिओवर नुसते आंकडे वाचून दाखविणारीं हेरांचीं केंद्रें असत. हा त्यांचाच नवा अवतार असावा असें कित्येकांस वाटलें. परग्रहावरील जीवांचा संदेश म्हणणारेही निघाले. पुढें माग काढीत काढीत तो गूगल कंपनीच्या झुरिच येथील कचेरीपर्यंत पोहोंचला, आणि २०१४ सालीं यूट्यूबनें स्वतःच कबूल केलें कीं चढविलेल्या चित्रफितींचा दर्जा बिघडतो कीं काय हें पाहण्यासाठीं आमचें एक यंत्र ही तपासणी करीत असतें. ज्यास लोक हेरांची सांकेतिक लिपि समजत होते, तो एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राचा घेतलेला पाढा होता. त्या हजारों चौकोनांत एक चित्रफीत निराळी निघाली. तींत पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचें सज्जांतून घेतलेलें रात्रीचें दृश्य होतें. हिशेबाच्या वहीच्या कोपऱ्यांत एखाद्या कारकुनानें मोर काढावा तसा हा प्रकार. आम्हांला त्या सर्व प्रकरणांत तेवढाच मोर आवडला.

‘सिकाडा ३३०१’ हें दुसरें प्रसिद्ध गूढ. जानेवारी २०१२ मध्यें एका चित्राच्या रूपानें तें प्रथम प्रकटलें. आम्हांस बुद्धिमान व्यक्तींचा शोध आहे, या चित्रांत एक संदेश दडलेला आहे, तो काढा, असें आव्हान त्यांत होतें. एका संकेतांतून दुसरा, दुसऱ्यांतून तिसरा असें करतां करतां लोक निरनिराळ्या देशांच्या शहरांतील विजेच्या खांबांवर चिकटविलेल्या कागदांपर्यंत जाऊन पोहोंचले. २०१३ व २०१४ सालीं पुन्हा नवीं कोडीं आलीं, आणि शेवटीं प्राचीन युरोपीय लिपींतील एक ग्रंथच पुढें ठेवण्यांत आला. त्यांतील बहुतेक पानें अद्यापि कोणास उलगडलेलीं नाहींत, व कर्ता कोण हेंही उघड झालेलें नाहीं. आमच्या दृष्टीनें हें एक अस्सल कोडें आहे. महाविद्यालयांत जाणारा मुलगा रात्रीं जागून तें सोडवीत बसला तर आईनें त्यास दूध आणून द्यावें, भूतबाधेची शंका घेऊं नये.

आतां मोबाईलमधून डोकावणाऱ्या बाईकडे वळूं. ठाण्याच्या मुलीनें ऐकलेली गोष्ट ज्या घराण्यांतील आहे त्या घराण्याची मूळ स्त्री आम्हांस ठाऊक आहे, व तिचा संपूर्ण जीवनवृत्तांत उपलब्ध आहे. तिचें नांव ‘मोमो’. वाटोळे, खोबणींतून बाहेर आलेले डोळे, कानापर्यंत ताणलेलें हसूं, विरळ लांब केंस, आणि धडाखालीं पक्ष्याचे पाय. केइसुके आइसो नांवाच्या जपानी शिल्पकारानें ही मूर्ति रबर व तेल वापरून घडविली व २०१६ सालीं टोकिओच्या गिंझा भागांतील एका चित्रशाळेंत भुताखेतांविषयींच्या प्रदर्शनांत मांडली. जपानी लोककथांत ‘उबुमे’ नांवाचें एक भूत आहे. बाळंतपणांत मरण पावलेली स्त्री तें रूप घेते असें मानतात. आमच्या कोंकणांतील वाचकांस येथें अळवंतीण आठवल्यावांचून राहणार नाहीं. दोन समुद्रांपलीकडच्या दोन देशांतील बायकांनीं एकाच दुःखास एकसारखेंच रूप द्यावें, हें त्या मूर्तीच्या डोळ्यांपेक्षां आम्हांस अधिक विचार करावयास लावतें. बाळंतपण ही मृत्यूच्या उंबऱ्यावरची गोष्ट होती तेव्हांचें हें भूत आहे.

प्रदर्शनास आलेल्या प्रेक्षकांनीं मूर्तीचीं छायाचित्रें काढलीं व तीं जगभर फिरलीं. २०१८ च्या उन्हाळ्यांत दक्षिण अमेरिकेंतील स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून एक वार्ता उठली कीं, हा चेहरा धारण केलेलें कोणी एक व्हॉट्सॲपवरून मुलांशीं बोलतें व त्यांस भलतीसलतीं साहसें करावयास लावतें. फेब्रुवारी २०१९ मध्यें ती वार्ता ब्रिटनमध्यें पोहोंचली. एका गांवच्या मंडळींच्या फेसबुक गटांत एका आईनें इशारा दिला. तो वाचून शाळांनीं पालकांस पत्रकें धाडलीं. शाळांचीं पत्रकें पाहून पोलिसांनीं सूचना काढल्या. पोलिसांच्या सूचना आल्या म्हणून वर्तमानपत्रांनीं मथळे दिले. थोड्याच दिवसांत सारा देश भयभीत झाला. तेथील बालरक्षणाचें व आत्महत्याप्रतिबंधाचें काम करणाऱ्या जुन्या संस्थांनीं चौकशी करून सांगितलें कीं, या प्रकारानें कोणा मुलास इजा झाल्याचा एकही पुरावा नाहीं. आणि हे इशारेच मुलांस अधिक घाबरवीत आहेत. यूट्यूबनेंही तसलें कांहीं आढळलें नाहीं असें जाहीर केलें. त्याच सुमारास वार्ताहर आइसो यांच्याकडे गेले. त्यांनीं सांगितलें कीं ती मूर्ति टिकाऊ नव्हतीच. रबर कुजलें म्हणून आदल्याच वर्षीं ती टाकून दिली. म्हणजे जिच्या भयानें इंग्लंडांतील आया रात्री जागवीत होत्या, ती तत्पूर्वींच कचऱ्यांत गेली होती.

मग मुलांस तो चेहरा दाखविला कोणीं? ज्यांस मोमो हें नांवही ठाऊक नव्हतें अशा असंख्य मुलांनीं तें चित्र प्रथम पाहिलें तें इशाऱ्यासोबत जोडलेलें. शाळेच्या पत्रकावर, आईच्या मोबाईलवर, चहाच्या मेजावर पडलेल्या वर्तमानपत्रांत. रोगी निघून गेला होता. साथ पसरविली ती दवंडी पिटणारांनीं. ठाण्याच्या भगिनींस आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं मुलीला जवळ घेऊन प्रथम तिलाच सर्व बोलूं द्यावें, बाई दिसते कशी, मैत्रिणीस कोणीं सांगितलें, हें विचारावें, आणि मग रबराच्या बाहुलीची ही हकीकत आरंभापासून, कुजून फेकून दिल्यापर्यंत, तिखटमीठ लावून सांगावी. भूत कुजतें ही कल्पना मुलांस फार आवडते, असा आमचा अनुभव आहे. आजींनीं दृष्ट काढली याला आमची हरकत नाहीं. मिठामोहऱ्यांनीं कोणाचें वाईट झालेलें नाहीं, आणि आजीचा हात तोंडावरून फिरला हा लाभ निराळाच. रागावणें मात्र निखालस वाईट. ज्या मुलीला एकदां भय सांगितल्याबद्दल बोलणीं बसलीं, ती दुसऱ्या वेळीं सांगणार नाहीं; आणि दुसऱ्या वेळचें भय खरें असूं शकेल.

दवंडीचा हा रोग इंटरनेटनें आणलेला नाहीं. आमच्या पिढीच्या वाचकांस साखळीपत्रें आठवत असतील. पोस्टमन एक कार्ड टाकून जाई; त्यांत अमुक देवाचा चमत्कार वर्णिलेला असे, व शेवटीं हें पत्र एकवीस जणांस लिहून धाडावें, न धाडणारास घोर अरिष्ट येईल, अशी धमकी असे. सुशिक्षित घरांतूनही तीं पत्रें लिहिलीं जात. ‘विश्वास नाहीं, पण उगीच कशाला’ ही त्यावेळचीही सबब होती. परंतु कार्डाला पैसे पडत आणि हात दुखे. आठवें कार्ड लिहीपर्यंत पुष्कळांच्या मनांत विवेक जागा होई, व उरलेलीं तेरा कार्डें वांचत. पुढें घरोघर टेलिफोन आले. ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितात ही वार्ता दिल्लीहून निघाली ती सूर्यास्तापर्यंत परदेशांतील देवळांतही जाऊन पोहोंचली. सोंडेशीं चमचा धरला असतां दूध वर ओढलें जातें व मूर्तीवरून पातळ ओघळानें खालीं उतरतें, हा पृष्ठताणाचा व केशाकर्षणाचा साधा चमत्कार. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग घालून तो दाखवूनही दिला. त्या दिवशीं पुण्यामुंबईच्या किती पदवीधर घरांतून पातेलीं निघालीं याची नोंद कोणीं ठेवली नाहीं, हें एक बरेंच झालें. आतां ना कार्डाला पैसे, ना टेलिफोनची रांग. अंगठा दाबला कीं काम झालें. आणि आमच्या पाहण्यांत तरी घराघरांतून हा अंगठा सर्वांत तत्पर कोणाचा असेल तर तो मुलांचा नव्हे, निवृत्त वडीलधाऱ्यांचा.

परंतु सारेंच थोतांड आहे असें म्हणून विषय संपवितां येत नाहीं. जून २००९ मध्यें एरिक नुडसेन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें इंटरनेटवरील एका गमतीच्या स्पर्धेसाठीं दोन खोटीं छायाचित्रें तयार केलीं. मुलें खेळत आहेत, आणि मागें झाडांच्या सावलींत एक अतिशय उंच, काळ्या पोशाखांतील, चेहरा नसलेला पुरुष उभा आहे. त्यास ‘स्लेंडर मॅन’ असें नांव दिलें. कल्पना इतकी ठसली कीं शेंकडों अनोळखी लोकांनीं त्याच्या कथा रचल्या, खेळ निघाले, चित्रपट निघाले. लोककथा पूर्वीं शतकांत घडे, ही पांच वर्षांत घडली. आणि तिच्या कर्त्याचें नांव व जन्मतिथि ठाऊक असूनही ती लोककथाच झाली. ता. ३१ मे २०१४ रोजीं विस्कॉन्सिन प्रांतांतील वॉकशा गांवीं बारा वर्षांच्या दोन मुलींनीं आपल्याच वर्गांतील मैत्रिणीस रानांत नेऊन तिच्यावर चाकूचे एकोणीस वार केले. असें केल्यानें स्लेंडर मॅन आपणांस आश्रय देईल, न केल्यास आपल्या घरच्यांस मारील, अशी त्यांची समजूत होती. ती जखमी मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली, एका सायकलस्वारास दिसली, व वांचली. न्यायालयानें दोघी मुली मनोविकारामुळें कृत्यास जबाबदार नव्हत्या असें ठरवून त्यांस दीर्घ मुदतीसाठीं मनोरुग्णालयाच्या स्वाधीन केलें. त्यांपैकीं एकीस स्किझोफ्रेनिया हा विकार कोवळ्या वयांतच जडलेला होता.

या हकीकतीवरून कित्येकांनीं कथेस फांशीं द्या असा ओरडा केला. आम्हांस दिसतें तें असें कीं, तीच कथा लाखों मुलांनीं वाचली व दिवा लावून झोपीं गेलीं. जिच्या मनांत आजार आधींच शिरला होता तिला त्या कथेनें एक चेहरा दिला. कथा नसती तर आजारानें दुसरा चेहरा शोधला असता. मूल एकटें हंसतें, नसलेल्या कोणाशीं बोलतें, मैत्रिणी तोडतें, झोप टाकतें, हीं चिन्हें घरांतल्यांस दिसतात. पण आपल्याकडे त्यांवर ‘वयच तसें आहे’ किंवा ‘बाहेरचें कांहीं आहे’ हे दोनच शेरे मारले जातात. तिसरा शेरा, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊं हा, येईपर्यंत फार वेळ गेलेला असतो.

‘ब्लू व्हेल’ अथवा निळा देवमासा या नांवाच्या भयाची कथा याच ठिकाणीं सांगितली पाहिजे, कारण ती थेट आमच्या मुंबईपर्यंत आली. मे २०१६ मध्यें रशियांतील ‘नोवाया गझेता’ या पत्रानें लिहिलें कीं, तेथील समाजमाध्यमांवरील कांहीं गट मुलांस पन्नास दिवसांच्या क्रमानें आत्मनाशाकडे नेतात. नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०१६ एवढ्या अवधींतील १३० मृत्यूंचा उल्लेख त्या लेखांत होता. रशियांतील इतर पत्रकारांनीं तपास केला तेव्हां हा संबंध सिद्ध होईना. जीं मुलें आधींच निराश होतीं तींच अशा गटांत जमत होतीं, गटांनीं त्यांस निराश केलें असें दिसत नव्हतें. फिलिप बुडेकिन नांवाच्या एका तरुणास २०१७ सालीं मुलांस चिथावणी दिल्याबद्दल तीन वर्षांवर शिक्षा झाली. तेव्हां निखालस निर्मळ असें हें प्रकरण नव्हतें. परंतु एका विकृत तरुणाचा उद्योग ही एक गोष्ट, आणि जगभर मुलें गिळीत सुटलेला देवमासा ही दुसरी.

जुलै २०१७ च्या अखेरीस मुंबईंत एका शाळकरी मुलाचा दुर्दैवी मृत्यु झाला आणि वर्तमानपत्रांनीं त्यावर देवमाशाचें नांव चिकटविलें. ऑगस्टमध्यें केंद्र सरकारनें गूगल, फेसबुक इत्यादि कंपन्यांस पत्रें लिहून या खेळाचे सर्व दुवे काढून टाकण्याचा आदेश दिला. अडचण एवढीच होती कीं, दुकानांत मिळावा किंवा मोबाईलवर उतरवून घ्यावा असा तो खेळ कोठें नव्हताच. पुढील कांहीं महिने देशांत कोठेंही किशोरवयीन मुलाचा अपमृत्यु झाला कीं पहिला प्रश्न देवमाशाचा निघे. सरकारनें एक समिति नेमली. तिनें त्या मुलांचे मोबाईल, संभाषणाच्या नोंदी, समाजमाध्यमांवरील व्यवहार तपासले, वांचलेल्या मुलांशीं बोलणें केलें. आणि जानेवारी २०१८ मध्यें केंद्रीय गृहराज्यमंत्री, चंद्रपूरचे हंसराज अहीर, यांनीं लोकसभेंत सांगितलें कीं यांपैकीं एकाही घटनेंत ब्लू व्हेलचा संबंध प्रस्थापित झालेला नाहीं. हें उत्तर वर्तमानपत्रांत आंतल्या पानावर आलें.

देवमासा नव्हता, पण मुलें तर गेलीं होतीं. हीच गोष्ट आम्हांस त्या सर्व प्रकरणांतील सर्वांत भेसूर वाटते. परीक्षेचें भय, शिक्षकांची वा वडिलांची जिव्हाळ्याविना झालेली बोलणीं, मित्रांनीं केलेली टवाळी, कोणास न सांगितलेलें एखादें अपयश, यांतील काय त्यांच्या मनांत होतें तें विचारावयाचें सोडून आपण सर्वजण समुद्रांत मासा शोधीत होतों. मासा परका असतो. त्याच्यावर दोष ठेवला कीं घरांत कोणास कांहीं विचारावें लागत नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें एकट्या २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आपला प्राण दिला. त्यांत महाराष्ट्राचा आंकडा १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. हे आंकडे कोणी अंगठ्यानें पुढें धाडीत नाहीं. घरांत एखादें मूल गप्प झालें असेल, आवडत्या वस्तु वांटून टाकीत असेल, ‘मी नसलों तर’ असें बोलत असेल, तर थट्टेनें न नेतां त्यास स्पष्ट शब्दांत विचारावें. विचारल्यानें कल्पना डोक्यांत शिरते ही समजूत चुकीची आहे असें मनोवैद्य सांगतात. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सोय चालू आहे; १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळीं विनामूल्य, मराठींतूनही बोलतां येतें. हा क्रमांक प्रत्येक घरीं दिनदर्शिकेच्या कडेला लिहून ठेवावा.

ज्या कोपऱ्याची चिंता खरोखर करावी तो अंधारांत नाहींच. लखलखीत रंगांचा, गाण्यांचा, बालगीतांचा आहे. लहान मूल जेवत नाहीं म्हणून त्याच्या पुढ्यांत मोबाईल उभा करावयाचा व चित्रें पाहण्याच्या भरांत घांस कोंबावयाचे, ही रीति आतां वाड्यांतून तशीच सदनिकांतून सर्रास झाली आहे. एक चित्रफीत संपली कीं यंत्र दुसरी आपोआप लावतें, दुसरीनंतर तिसरी. आई घांस कालवीत असते, तिचें लक्ष नसतें. २०१७ सालीं असें उघडकीस आलें कीं, या साखळींत मुलांच्या आवडत्या एल्सा, स्पायडरमॅन, पेपा नांवाचें डुकराचें पिल्लूं, यांचीं सोंगें घेतलेल्या असंख्य किळसवाण्या चित्रफिती मिसळल्या आहेत. सुया टोंचणें, बांधून ठेवणें, जिवंत पुरणें असले प्रकार, आणि वर गोड संगीत. जेम्स ब्रायडल या ब्रिटिश लेखकानें त्या नोव्हेंबरमध्यें यावर जो लेख लिहिला त्यानें पुष्कळांचे डोळे उघडले. यामागें कोणी राक्षस नव्हता. जितकीं मुलें जितका वेळ पाहतील तितके जाहिरातीचे पैसे. मुलें काय उघडतात हें यंत्र मोजतें. जें उघडलें जातें तेंच आणखी बनतें. कित्येक चित्रफिती तर माणसानें पाहून बनविल्या कीं यंत्रानेंच शब्द जुळवून निपजविल्या हेंही कळेना. मोठे जाहिरातदार निघून गेले तेव्हां यूट्यूबनें हजारों चित्रफिती काढून टाकल्या. २०१९ सालीं मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवांचून गोळा केल्याबद्दल गूगलला अमेरिकेंत १७ कोटि डॉलर भरावे लागले, तो गुन्हा निराळा. मोमो कोणत्याही मुलाच्या ताटापुढें प्रत्यक्ष आली नव्हती. या चित्रफिती मात्र येत होत्या, व त्या आणून ठेवणारे हात घरचेच होते. मुलांनीं पाहावयाचें तें दिवाणखान्यांत, सर्वांस ऐकूं येईल अशा आवाजांत, व एकापुढें एक आपोआप लागण्याची कळ बंद करून पाहावें, इतकें केलें तरी पुष्कळ होईल. चिऊकाऊच्या घांसाला वीज लागत नसे, हें आम्ही केवळ स्मरणासाठीं लिहितों.

शेवटीं आमच्याच महाराष्ट्रांतील एक गोष्ट. ता. १ जुलै २०१८ चा रविवार. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें बाजाराच्या दिवशीं पांच परके इसम आले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांतील एकानें एका लहान मुलीशीं बोलावयाचा प्रयत्न केला असें कोणास वाटलें. मुलें पळविणाऱ्या टोळ्या हिंडत आहेत, असें त्या भागांत मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होतें. जमावानें त्या पांचांस ग्रामपंचायतीच्या खोलींत नेऊन ठार मारलें. त्यांच्याजवळ पळवून आणलेलें मूल नव्हतें, हें सांगावयास नकोच.

त्या वर्षीं मुलें पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून देशभर ज्या चित्रफिती फिरल्या, त्यांतील एक कराचीची होती. दोघे इसम फटफटीवरून येतात, रस्त्यांत खेळणाऱ्या मुलांपैकीं एकास उचलतात व पळतात. मूळ चित्रफितींत ते लगेच परत येतात, मुलास खालीं सोडतात, आणि एक फलक उघडून धरतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल नाहींसें व्हावयास क्षणही पुरतो, तरी पालकांनीं सावध राहावें, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. ती तेथील बालरक्षण करणाऱ्या एका संस्थेची जाहिरात होती. कोणीतरी शेवटचीं तीं कांहीं सेकंदें कापून टाकलीं.

राईनपाड्यानंतर, त्याच जुलैमध्यें, व्हॉट्सॲप कंपनीनें भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडतां येणार नाहीं अशी मर्यादा घातली, व जानेवारी २०१९ पासून ती साऱ्या जगास लागूं केली. पांच ठिकाणें म्हणजे पांच माणसें नव्हेत. ठिकाण हें गटही असूं शकतें. त्या वेळीं एका गटांत २५६ माणसें मावत, म्हणजे एका अंगठ्यानें बाराशें ऐंशी. आतां एका गटांत १,०२४ मावतात.